आमचीही हरकत घ्या!

गेल्या महिन्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत एक कागद आला. आई ज्या टॉवरात धुणीभांडी करते तिथून आला. टाइप केलेली तीन पानं, मागं सह्यांसाठी आखलेले रकाने. आईनं तो पिशवीतून काढला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणली, "बाबा, हे वाच जरा. मॅडमनं दिलंय. म्हणली, मावशी, तुमच्या वस्तीतल्या पन्नास सह्या आणा, मैदान वाचवायचंय आपल्याला."

आपल्याला! हा शब्द ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

खराडीत आमच्या वस्तीला लागून एक मोकळा तुकडा आहे. विकास आराखड्यात त्याच्यावर क्रीडांगणाचं आरक्षण आहे. पोरं तिथं क्रिकेट खेळतात. चौदा एप्रिलला मांडव तिथंच पडतो, लग्नाच्या पंगती तिथंच उठतात, आणि कुणी मेलं तर तिरडीपण तिथंच बांधतात, कारण वस्तीच्या बोळातून चार माणसं खांद्याला खांदा लावून जाऊ शकत नाहीत. आता हे आरक्षण उठवून तिथं दुकानं आणि ऑफिसं बांधू द्यायचा घाट घातलाय. टॉवरातले लोक त्याविरुद्ध हरकत घेताहेत. बरोबरच करताहेत. पहिल्या दोन पानांतलं अक्षर न् अक्षर मला मान्य होतं. रस्ता अरुंद आहे, पाणी टँकरनं येतं, ड्रेनेज तुंबतं, पोरांना खेळायला जागा नाही. सगळं खरं.

तिसऱ्या पानावर शेवटून दुसरी मागणी होती : सदर भूखंडालगतची अतिक्रमणे तात्काळ हटवून परिसर सुशोभित करण्यात यावा.

सदर अतिक्रमणे म्हंजे आम्ही. म्हंजे माझी आई वस्तीत दारोदार फिरून ज्या कागदावर पन्नास सह्या गोळा करणार होती, तो आमचीच घरं पाडायचा अर्ज होता.

मॅडम वाईट बाई नाही. आईला ताप आला तेव्हा तिनं डॉक्टरची फी भरली होती. हे कलम तिनं मुद्दाम लपवलं असंही मला वाटत नाही. तिला ते दिसलंच नसणार. झाडं लावा, बाकडी टाका, दिवे लावा, झोपड्या काढा, असं एका दमात लिहिलं जातं. लिहिणाऱ्याला कळत नाही, वाचणाऱ्याला खटकत नाही. दोस्तांनो, मला राग आला तो याचा आला. उघड शत्रूशी आपण लढू शकतो. पण ज्याच्या डोळ्याला आपण माणूस म्हणून दिसतच नाही, आणि जो आपल्याच बाजूनं उभा आहे, त्याचं करायचं काय?

०००

हा कागद मी आमच्या पोरांच्या बैठकीत नेला. दोन तट पडले. एक तट म्हणाला, फाडून टाक. बिल्डर आणि टॉवरवाले एकाच ताटात जेवणारे, त्यांचं भांडण त्यांना लखलाभ. दुसरा म्हणाला, सह्या देऊन टाकू. आईचं काम तिथं आहे, वस्तीतल्या तीस-चाळीस बाया तिथंच कामाला जातात, वाकडं कशाला घ्यायचं? मला दोन्ही पटलं नाही. पहिला तट मैदान घालवतो, दुसरा घर घालवतो. आणि दोघंही एक गोष्ट धरूनच चालतात, की हरकत घेणं हे फ्लॅटवाल्यांचं काम आहे. आपण एक तर त्यांच्या मागं उभं राहायचं, नाही तर घरी बसायचं.

ही समजूत आली कुठून? झोन, आरक्षण, आराखडा हे शब्द ऐकले की आपण गप्प होतो. वाटतं, हे इंजिनिअर लोकांचं काम, इंग्रजी शिकलेल्यांचं काम. अरे, झोन कुणाला शिकवता? आपल्याइतका झोन कुणी भोगलाय? नकाशावर पिवळा रंग म्हंजे राहायची जागा, हिरवा म्हंजे शेती नाही तर बाग, हे आता शहरात ठरतं. गावाला त्यासाठी नकाशा लागला नव्हता. गाव आत, आपण गावकुसाबाहेर. पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा. मेलेलं ढोर ओढायचं आपण आणि त्याची घाण पण आपल्याच दारात. वारा कुठून वाहतो ते बघून महारवाडा कुठं बसवायचा ते ठरायचं, म्हंजे आपल्या अंगावरून गेलेला वारा पाटलाच्या वाड्यात शिरू नये. याच पुण्यात पेशवाईत आपल्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं होतं. १९३६ साली लाहोरकरांनी बाबासाहेबांना जे भाषण करू दिलं नाही, त्यात त्यांनी हे लिहून ठेवलंय. थुंकायचं कुठं आणि पाऊल ठेवायचं कुठं, याचासुद्धा झोन ठरलेला होता.

आणि हे काही फक्त आपल्याकडचं नाही. पँथर हे नाव आपल्या थोरल्यांनी १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. त्या अमेरिकेचा झोनचा इतिहास बघा. १९१० साली बाल्टिमोर शहरानं कायदा केला : ज्या आळीत गोरे जास्त तिथं काळ्यानं राहायला जायचं नाही, आणि काळे जास्त तिथं गोऱ्यानं. असलाच एक कायदा लुईव्हिल शहरात होता. तो १९१७ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं रद्द केला. मग १९२६ साली त्याच कोर्टानं दुसऱ्या एका खटल्यात निकाल दिला, की जमिनीचा वापर ठरवून झोन पाडणं कायदेशीर आहे. या भागात बंगले, या भागात कारखाने. आता त्यात कातडीचा रंग लिहायची गरज उरली नाही. ज्याच्या खिशात पैसा नाही तो बंगल्याच्या झोनमध्ये आपोआपच येत नाही. गंमत अशी, की त्या निकालात बंगल्यांच्या वस्तीत बांधलेल्या अपार्टमेंटला कोर्टानं बांडगूळ ठरवलंय. आज अपार्टमेंटवाले आपल्या झोपडीबद्दल जे बोलतात, तेच शंभर वर्षांपूर्वी बंगलेवाले अपार्टमेंटबद्दल बोलत होते.

मोकळ्या जागेचंही तसंच. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आपल्याला सिनेमात दाखवतात. हिरवळ, तळं, पळणारी माणसं. त्या हिरवळीच्या एका भागाखाली सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासून काळ्या लोकांनी तिथं जमिनी विकत घेतल्या, घरं बांधली, चर्च बांधले, शाळा काढली. जमिनीचं मोल त्यांना माहीत होतं, कारण अडीचशे डॉलरची मालमत्ता असल्याशिवाय त्या राज्यात काळ्या माणसाला मत देता येत नव्हतं. बाग करायची ठरली तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना अतिक्रमणवाले म्हटलं. कागदपत्रं असलेल्या मालकांना अतिक्रमणवाले! १८५७ पर्यंत वस्ती साफ झाली.

म्हणून कुणी नकाशावर हिरवा रंग दाखवला, की मी पहिल्यांदा विचारतो : याच्याखाली कोण राहत होतं?

०००

खराडीत कोण राहत होतं ते सांगतो. १९९७ साली खराडी पुणे महापालिकेत आली. त्याआधी हे हवेली तालुक्यातलं, नगर रोडवरचं, मुळा-मुठेच्या काठचं शेतीचं गाव. गावाच्या कडेला आपला वाडा होताच. माझा आजा ७२ च्या दुष्काळात उस्मानाबादकडून पुण्याला आला आणि जन्मभर दगड फोडत राहिला. बाप बिगारी. मग आयटी आलं. एमआयडीसीचं नॉलेज पार्क आलं, इऑन आलं, वर्ल्ड ट्रेड सेंटर आलं. शेतं एन.ए. झाली. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांच्या दारात गाड्या आल्या. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांच्या डोक्यावर घमेलं आलं. या टॉवरांचे स्लॅब पडले तेव्हा खाली माझा बाप होता. टॉवर उभा राहिला तेव्हा तो बाहेर, आणि आई मागच्या लिफ्टनं वर.

दर वर्षी एक जानेवारीला हा नगर रोड आपला असतो. विजयस्तंभाला जाणारी माणसं, निळे झेंडे, पाण्याच्या बाटल्या वाटणारी पोरं. आमची वस्ती रात्रभर जागी असते, मैदानात चुली पेटलेल्या असतात, परभणी-नांदेडकडून आलेली माणसं तिथं अंग टाकतात. दोन तारखेला रस्ता परत आयटीवाल्यांचा. मैदान मात्र वर्षभर आमचं असतं, आणि ते गेलं तर एक जानेवारीला पण आपल्याला टेकायला जागा नाही.

आता मैदान जातं कसं, ते नीट समजून घ्या. शिव्या देऊन काम भागणार नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा. त्याच्या कलम २२ मध्ये लिहिलंय, की आराखड्यात मोकळ्या जागा, क्रीडांगणं, हरितपट्टे यांसाठी जमिनी राखून ठेवायच्या. म्हंजे मैदान ही कुणाची मेहेरबानी नाही, आराखड्याचा भाग आहे. पण आरक्षण टाकलं म्हंजे जमीन ताब्यात आली असं नाही. मोबदला देऊन ती घ्यावी लागते. कलम १२७ म्हणतं, आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत घेतली नाही तर आरक्षण संपतं. म्हंजे मैदान मारायला कुणाला बुलडोझर आणावा लागत नाही. फाइल कपाटात ठेवून दहा-बारा वर्षं झोप काढली तरी पुरतं. दुसरी वाट कलम ३७ ची. आराखड्यात किरकोळ फेरबदल. एका मैदानाच्या जागी दुकानं, हा कागदावर किरकोळच असतो. ज्याला खेळायला दुसरी जागा नाही त्याला विचारा किती किरकोळ.

तिसरी गोष्ट, मोकळी जागा दोन जातींची असते. होय, तिथंही जात आहे. चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर बांधकाम करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती त्या प्लॉटवर राहणाऱ्यांची. गेटच्या आतली. तिथं लॉन असतं, झोके असतात, आणि माझी आई तिथून जाताना वॉचमन तिला सांगतो, मावशी, पलीकडच्या वाटेनं जा. दुसरी असते अ‍ॅमिनिटी स्पेस. मोठ्या प्रकल्पातून सार्वजनिक सोयीसाठी सोडलेली, महापालिकेकडं जाणारी. ती सगळ्या शहराची. आणि लिलावावर डोळा याच दुसऱ्या जातीवर असतो. २०२१ साली पुणे महापालिकेनं अशा आणि आरक्षणाच्या मिळून २७० जागा तीस वर्षांच्या भाड्यानं खासगी लोकांना द्यायचा घाट घातला होता. शहरभर ओरड झाली. ओरड करणाऱ्यांत निवृत्त अधिकारी होते, डॉक्टर होते, मोहल्ला समित्या होत्या. आपण नव्हतो. गेटच्या आतली दहा टक्के जागा ज्यांच्याकडं आहे ते बाहेरच्या जागेसाठी भांडले, आणि ज्यांच्याकडं आत-बाहेर काहीच नाही ते आपण जयंतीच्या वर्गणीत गुंतलो होतो.

त्याआधी २०१३ साली जुन्या पुण्याच्या आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा ऐंशी हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. येरवड्यात माझ्या मामाच्या वस्तीत मी विचारलं, तुमच्यापैकी कुणी घेतली होती? एकानंही नाही. आराखडा म्हंजे काय, हेच त्यांना कुणी सांगायला गेलं नव्हतं. यात शासनाचा दोष आहेच. पण कुणी म्हंजे कोण? आपणच ना?

०००

आता नदीच्या पलीकडं बघू. खराडीचा पूल ओलांडला की मुंढवा. २०२५ च्या नोव्हेंबरात तिथली सुमारे चाळीस एकर जमीन सगळ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. कागदावर तीनशे कोटींचा सौदा, आणि बाजारात ती अठराशे कोटींची असल्याचा विरोधकांचा आरोप. त्या जमिनीवर वनस्पतींचा अभ्यास करणारं केंद्र सरकारचं खातं भाडेपट्ट्यानं बसलेलं होतं. चौकशी लागली, सौदा रद्द करण्याची घोषणा झाली. स्टॅम्प ड्युटी किती बुडाली, कुठला पुढारी अडकला, यावर महिनाभर रकाने भरले.

आणि त्या जमिनीचं नाव काय होतं? महार वतन.

वतन म्हंजे काय ते आपल्या पोरांना आता माहीत नाही. गावाची वेठ करायची. सांगावा न्यायचा, सरकारी माणसाचा घोडा धरायचा, मेलेलं ढोर ओढायचं, रात्रंदिवस हाकेसरशी हजर राहायचं. त्याबदल्यात एक तुकडा जमीन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्याविरुद्ध बिल आणलं, कारण त्यांना दिसत होतं की हा तुकडा म्हंजे पायातली बेडी आहे. १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं संपली. जमिनी वतनदारांना परत द्यायच्या ठरल्या, पण अटीवर : कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही. अट आपल्या भल्यासाठी होती, आपली जमीन कुणी लुबाडू नये म्हणून. पण पुण्याभोवती काय झालं ते प्रत्येक महारवाड्याला ठाऊक आहे. कुलमुखत्यारपत्रावर अंगठे गेले. कुणी आजारपणात दिला, कुणी लेकीच्या लग्नात, कुणी हातभट्टीवर. शहराला मोकळी, स्वस्त, अटीत अडकलेली जमीन लागते, आणि ती अट सोडवायची कला दलालाला येते. गुलामगिरीचा मोबदला म्हणून मिळालेली जमीन. पिढ्यान् पिढ्या पाठ वाकवून कमावलेली. तिच्यावरून भांडण झालं ते मोठ्यांचं आपसातलं. मूळ वतनदारांच्या पोरांना मिळणार काय, हा प्रश्न पहिल्या पानावर नव्हता.

म्हणून सांगतो, नदीच्या अलीकडचं मैदान आणि पलीकडचं वतन ही दोन प्रकरणं नाहीत. दोन्हीकडं जमीन सार्वजनिक किंवा दलितांची असते तोवर ती ‘पडीक’ असते. तिची किंमत वाढली की आपण ‘अतिक्रमण’ होतो.

जमिनीवर हक्क सांगणं आपल्याला नवं नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि मग ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला, बायामाणसं पोरांना कडेवर घेऊन तुरुंगात गेली. गायरानं कसणाऱ्या दलितांची अतिक्रमणं नियमित करायचा सरकारी निर्णय १९९१ साली निघाला, तो कुणी ताटात वाढला नव्हता. ती लढाई कसायच्या जमिनीची होती. शहरातल्या आपल्या पिढीची लढाई राहायच्या आणि श्वास घ्यायच्या जमिनीची आहे. ती मात्र आपण सुरूच केलेली नाही.

०००

आता थोडं आपल्याच घरात. कडू लागेल, पण गिळा.

आमच्या मैदानाच्या कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा उभा आहे. वर निळी पाटी, आत एक भाऊ बसतो. कधी काळी चळवळीत होता, मोर्चात माझ्या बापाच्या बाजूला चालला होता. आज त्या डब्यात बिल्डरचा माणूस चहा प्यायला येतो. मागच्या आठवड्यात भाऊ वस्तीत सांगत फिरला : हरकतीवर सह्या करू नका, प्रत्येकाला फ्लॅट देतो म्हणतात. कुठं, किती, कागदावर लिहून देतात का? त्यावर भाऊ हसला. बाबासाहेबांचा फोटो मागं लावून दलाली करणारा हा माणूस टॉवरवाल्यांपेक्षा जास्त धोक्याचा आहे. टॉवरवाल्याला आपण दिसत नाही. याला आपण नीट दिसतो, आणि डोई मोजून दिसतो.

तो डबाही हलला पाहिजे. निळी पाटी लावली म्हणून मैदान खाल्लेलं चालत नाही. आपल्याही दोन-चार जणांनी टपऱ्या पुढं सरकवल्यात, त्यांनाही सांगितलं पाहिजे. राहायला जागा नाही म्हणून घातलेलं खोपट आणि भाड्यानं द्यायला टाकलेली टपरी यांत फरक करायला आपण शिकलो नाही, तर उद्या आपल्या बाजूनं कोण बोलेल?

०००

मग आम्ही काय केलं?

कायदा मागवला आणि वाचला. आठवी नापास पोरांपासून एम. ए. झालेल्यांपर्यंत सगळे एका बल्बखाली बसलो. कलम ३७ मध्ये लिहिलंय, की फेरबदलाची नोटीस काढून ‘कोणत्याही व्यक्तीकडून’ हरकती मागवायच्या, मुदत एक महिन्याची. कोणतीही व्यक्ती! फ्लॅटमालक नाही, टॅक्सपावतीवाला नाही, सोसायटीचा सभासद नाही. पोरं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती. आपल्याला कुठल्या तरी कागदानं नुसतं व्यक्ती म्हटलंय, याचंच काहींना नवल वाटलं.

मग दोन निकाल शोधले. १९८५ चा मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांचा. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, आणि न विचारता, न ऐकता माणसाला उठवता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं त्यात म्हटलं. उठवायचंच नाही असं काही म्हटलं नाही, हेही लक्षात ठेवा. दुसरा १९९१ चा बंगळूरचा. बागेसाठी राखलेली जागा खासगी दवाखान्याला दिली होती, रहिवासी कोर्टात गेले आणि जिंकले. मोकळी जागा लोकांची असते आणि तिच्यासाठी दाद मागायचा हक्क रहिवाशांना आहे, असं कोर्टानं मानलं. आजवर पहिला निकाल झोपडीवाले सांगतात, दुसरा फ्लॅटवाले सांगतात. आम्ही दोन्ही एकाच अर्जात लिहिले.

अर्ज घेऊन मी टॉवरात गेलो. गेटवर नाव, गाव, कुणाकडं, कशाला, सगळं लिहून घेतलं. क्लबहाउसात बैठक होती. मी म्हटलं, शेवटून दुसरी मागणी काढा, वस्ती तुमच्यामागं नाही, बरोबर उभी राहील. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "अहो, तुम्ही शिकलेले दिसता, तुमच्याबद्दल नाही ते." मी म्हटलं, मी तिथंच राहतो साहेब. मग बराच वेळ पंख्याचा आवाज. कुणी म्हणालं, शब्द बदलू, ‘योग्य पुनर्वसन करून’ असं घालू. मी विचारलं, कुठं? पंचवीस किलोमीटरवर? मग तुमची भांडी कोण घासणार? काहीजण हसले, काहीजण उठून गेले. मागणी निघाली नाही, नुसती मऊ झाली. पण बैठक संपल्यावर मॅडम खाली आली, आमचा अर्ज उभ्यानं वाचला आणि सही केली. तिच्या मागं आणखी दहाजणांनी केली. कौतुक नको, पण नोंद पाहिजे. अकरा सह्या टॉवरातल्या.

अर्ज द्यायला गेलो त्या कार्यालयात खिडकीवरचा माणूस म्हणाला, सोसायटीचं नाव सांगा. म्हटलं, सोसायटी नाही, वस्ती. मग मालकीचा पुरावा आणा. म्हटलं, कायद्यात लिहिलंय, कोणतीही व्यक्ती. त्यानं वर बघितलं. मागं एकशे सत्तर माणसं उभी होती, निम्म्या बाया, कामाला दांडी मारून आलेल्या. दोन तास गेले. शेवटी शिक्का पडला, पोच मिळाली. आता सुनावणीची वाट बघतोय. मैदान वाचेलच असं मी छातीठोक सांगत नाही. पण त्या फाइलीत आता आमचं नाव आहे, आणि ते ‘सदर अतिक्रमणे’ असं नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. मैदान मैदानच राहावं आणि महापालिकेनं पैसे मोजून ते ताब्यात घ्यावं. त्याला गेट नसावं, तिकीट नसावं, वॉचमन नसावा. वस्ती जिथं आहे तिथंच पक्की व्हावी, नळ-संडाससकट. आणि पुढच्या वेळी नोटीस निघेल तेव्हा ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात न छापता वस्तीच्या समाजमंदिरावर, आपल्या भाषेत लागावी.

तुमच्या वस्तीशेजारीही असा एखादा तुकडा असेल. भोसरीत असेल, घाटकोपरला असेल, औरंगपुऱ्यात असेल. पुढाऱ्याची वाट बघू नका. आराखड्याचा नकाशा मागा, त्यावर आपली जागा शोधा, आरक्षण कशाचं आणि कधीचं ते लिहून घ्या, दहा वर्षं कधी भरतात ते मोजा. ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवा. एक महिना फार थोडा असतो, आणि नोटीस कधी सणासुदीत निघते, कधी सुट्टीत.

आईनं आमच्या अर्जावर अंगठा दिला नाही. तीन दिवस माझ्याकडून अक्षरं गिरवून घेतली आणि सही केली. मॅडमच्या सहीच्या बरोबर वर. तिचं काम अजून चालू आहे. सुटलं तर बघू, म्हणते.

जय भीम.